अक्कलदाढ काढतानाची स्थानिक बधिरता : पद्धतींची तुलना आणि रुग्णाचा शब्द

‘बहिरा’ आणि ‘बधिर’ ही मराठीत एकाच मुळाची दोन रूपे आहेत. संस्कृतात ‘बधिर’ म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. प्राकृतातून झिजत आलेले ‘बहिरा’ हे तद्भव रूप कानापुरते राहिले. ‘बधिर’ हे तत्सम रूप मात्र, ‘मूकबधिर’सारखे काही प्रयोग वगळता, कान सोडून त्वचेकडे, हातापायांकडे आणि लाक्षणिक अर्थाने मनाकडे वळले. एकच शब्द दोन वाटांनी भाषेत यावा आणि दोन्ही रूपांनी आपसांत कामाची वाटणी करून घ्यावी, याचे हे बरे उदाहरण आहे. तथापि या वाटणीत मूळ अर्थाची एक छटा ‘बधिर’ला चिकटून राहिली. जेथे ऐकू येत नाही तेथे काहीच पोचत नाही. त्याप्रमाणे बधिर झालेल्या जागी काहीच कळणार नाही, अशी अपेक्षा हा शब्द नकळत निर्माण करतो. दंतवैद्य जेव्हा ‘आता ही बाजू बधिर होईल’ असे सांगतो तेव्हा त्याला अभिप्रेत असते ते वेदनेचे निवारण. रुग्ण ऐकतो तो सर्व संवेदनांचा लोप. दाढेवर पक्कड बसून दाब पडू लागला, की या दोन अर्थांमधील अंतर उघड होते, आणि ते अत्यंत गैरसोयीच्या वेळी उघड होते.

हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. ‘ॲनेस्थेशिया’ ही संज्ञा या अर्थाने ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४६ मध्ये सुचविली. तिचाही ग्रीक व्युत्पत्त्यर्थ ‘संवेदनेचा अभाव’ असाच आहे. मराठीतील ‘भूल’ हा शब्द विस्मरण आणि भ्रम यांच्या प्रदेशातून आलेला असल्याने संपूर्ण शरीराला दिल्या जाणाऱ्या भुलीस तो शोभतो, पण जागेपणी एका दाढेपुरत्या केलेल्या उपायास तितकासा शोभत नाही. ‘सुन्न’ हा तर सरळ ‘शून्य’चाच वंशज आहे. सर्वच शब्द अभाव सांगतात. कशाचा अभाव, हे एकही शब्द सांगत नाही. अक्कलदाढ काढताना वापरल्या जाणाऱ्या बधिरीकरणाच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना करू लागले असता हाच प्रश्न पुढे येतो. कोणती पद्धत श्रेष्ठ, हे ठरविण्याचे माप शेवटी रुग्णाच्या उत्तरात असते, आणि ते उत्तर भाषेत द्यावयाचे असते.

प्रथम शरीररचना पाहणे अवश्य आहे. अक्कलदाढ ही तिसरी दाढ. ती बहुधा सतरा ते पंचवीस या वयात येते. लॅटिन व अरबी या दोन्ही भाषांत तिचे नाते शहाणपणाशी जोडलेले आहे, आणि मराठीने ‘अक्कल’ हा अरबी शब्द फारसीमार्गे घेऊन त्याला आपली ‘दाढ’ जोडली. जबड्यात जागा न उरल्याने खालची अक्कलदाढ पुष्कळदा आडवी किंवा तिरकी राहते, हिरडीखाली अर्धवट अडकते आणि तिच्यावरच्या हिरडीच्या पदराखाली अन्नकण साचून सूज येते. ती काढण्यासाठी हिरडीला छेद द्यावा लागतो, पुष्कळदा भोवतालचे हाड थोडे कोरावे लागते, आणि दाढेचे तुकडेही करावे लागतात. म्हणजे बधिर व्हावयास हवे ते केवळ दाढेचे मूळ नव्हे. हाड, गालाकडील हिरडी आणि जिभेकडील हिरडी ही सर्व होत.

या चारही स्थळांची संवेदना त्रिशाखी मज्जातंतूच्या तिसऱ्या, म्हणजे खालच्या जबड्याकडे जाणाऱ्या शाखेतून वाहते. परंतु ती एका दोरीतून वाहत नाही. खालच्या दातांचा मज्जातंतू जबड्याच्या उभ्या फांदीच्या आतील बाजूस असलेल्या छिद्रातून हाडात शिरतो आणि अक्कलदाढेच्या मुळांच्या अगदी जवळून पुढे जाऊन हनुवटीपाशी खालच्या ओठाकडे बाहेर पडतो. जिभेचा मज्जातंतू त्याच्या शेजारून निघून जिभेकडील हिरडी व जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भाग सांभाळतो. दाढांच्या बाहेरील हिरडीकडे जाणारा गालाचा मज्जातंतू या दोघांपासून बराच वर फुटतो आणि वेगळ्याच वाटेने उतरतो. याशिवाय जिभेखालच्या मायलोहायॉइड स्नायूकडे जाणारी एक शाखा छिद्रात शिरण्यापूर्वीच सुटते. ती मुख्यतः स्नायूची असली तरी काही व्यक्तींत दाढांना थोडी संवेदनाही पुरविते असे दिसून आले आहे. सर्व पद्धतींमधील फरक या चार वाटांच्या फाट्यांवर औषध कोठे अडविते, एवढ्यावरच उभा आहे. जितके वर, तितक्या अधिक वाटा एकदम बंद होतात. जितके खाली, तितका परिणाम लवकर, पण कमी शाखांवर.

वरच्या जबड्याचे प्रकरण सोपे असल्याने ते आधीच संपविता येईल. तेथील हाडाची बाहेरील भिंत पातळ व सच्छिद्र असते. दाढेच्या बाहेर, हिरडीच्या वरच्या घडीत औषध सोडले की ते हाडातून मुरून मुळांपर्यंत पोचते. यास इन्फिल्ट्रेशन म्हणतात. त्याऐवजी वरच्या दाढांकडे मागून येणाऱ्या तंतूंना जबड्याच्या मागील फुगवट्यापाशी गाठता येते, परंतु तेथे शिरांचे जाळे असल्याने सुई किंचित जास्त आत गेली तरी गालात रक्त साकळून मोठी सूज येण्याचा संभव असतो. साध्या इन्फिल्ट्रेशनने काम भागत असता हा धोका पत्करण्याचे कारण क्वचितच असते. टाळूकडील हिरडीसाठी मात्र निराळी टोचणी द्यावी लागते, आणि ती रुग्णांच्या स्मरणात राहते, कारण टाळूचे आवरण हाडाला घट्ट चिकटलेले असून औषधाला पसरण्यास जागा नसते. आर्टिकेन हे औषध बाहेरून दिले असता टाळूची टोचणी पुष्कळ वेळा टाळता येते असे काही अभ्यासांत आढळले आहे.

खालच्या जबड्यात दाढांपाशी हाडाची भिंत जाड असते आणि अक्कलदाढेच्या बाहेरून तर हाडाची तिरकी कडा गेलेली असते. म्हणून तेथे मुरविण्यापेक्षा अडविण्याचा, म्हणजे तंतुरोधाचा मार्ग धरावा लागतो. त्याचा इतिहास स्थानिक बधिरतेइतकाच जुना आहे. कार्ल कोलर यांचे डोळ्यावरील कोकेनचे प्रयोग १८८४ च्या सप्टेंबरात हायडेलबर्ग येथील परिषदेत जाहीर झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत न्यूयॉर्क येथे विल्यम हॉल्स्टेड व रिचर्ड हॉल हे जबड्याच्या मज्जातंतूंजवळ कोकेन टोचून पाहत होते. स्वतःवर केलेल्या या प्रयोगांची किंमत हॉल्स्टेड यांना व्यसनाच्या रूपाने मोजावी लागली. पुढे १९०४ मध्ये आइनहॉर्न यांनी प्रोकेन तयार केले, १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी लिडोकेनचा शोध लावला, व १९४८ पासून ते बाजारात आले. भारतात तेच लिग्नोकेन या नावाने परिचित आहे. शेकडा २ लिग्नोकेन व त्यात ८०,००० भागांस एक भाग ॲड्रिनलिन हे मिश्रण दंतवैद्यांच्या रोजच्या वापरात आहे. ॲड्रिनलिन रक्तवाहिन्या आकुंचित करून औषध जागेवर धरून ठेवते व रक्तस्रावही कमी करते.

हॉल्स्टेड यांच्या नावाशी जोडली गेलेली पारंपरिक पद्धत आजही सर्वत्र प्रथम शिकविली जाते. रुग्णाने तोंड उघडावयाचे, दंतवैद्याने अंगठ्याने जबड्याच्या उभ्या फांदीची पुढची खोबण चाचपावयाची, आणि विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून सुई आत न्यावयाची. वीस ते पंचवीस मिलिमीटर गेल्यावर हाड लागते. सुई किंचित मागे घेऊन, ती रक्तवाहिनीत नाही ना हे पाहण्यासाठी दट्ट्या मागे ओढून, मग औषध हळूहळू सोडतात. सुई बाहेर घेताना वाटेत थोडे औषध जिभेच्या मज्जातंतूसाठी ठेवतात. गालाच्या तंतूसाठी दुसरी टोचणी द्यावी लागते. छिद्राच्या तोंडाशी हाडाची एक लहानशी जीभ असते, तिला शरीरशास्त्रात ‘लिंग्युला’, म्हणजे जिभली, असेच म्हणतात; औषध या जिभलीच्या वर पडले पाहिजे, खाली पडले तर छिद्रात शिरून गेलेला तंतू अलिप्तच राहतो. येथेच अडचण आहे. छिद्राची उंची व्यक्तिपरत्वे बदलते आणि ती तोंडात पाहून कळत नाही. पाठ्यपुस्तके या पद्धतीचे अपयश शेकडा १५ ते २० इतके सांगतात. एवढे अपयश असूनही ती टिकून आहे, यास तिची सवय हे एक कारण आहे. दुसरे, अधिक सबळ कारण असे, की ती यशस्वी झाली तर तीन ते पाच मिनिटांत परिणाम दिसतो.

दुसरी पद्धत ऑस्ट्रेलियातील दंतवैद्य जॉर्ज गाउ-गेट्स यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे लक्ष्य छिद्र नसून जबड्याच्या सांध्याखालील हाडाची मान हे आहे, म्हणजे चारही वाटा एकमेकींपासून फार दूर जाण्यापूर्वीचे ठिकाण. तिच्या खुणा तोंडाबाहेरच्या आहेत: ओठांचा कोपरा आणि कानाच्या पाळीसमोरील उंचवट्याखालची खाच यांना जोडणारी रेषा मनात धरून, सुई तिला समांतर न्यावयाची. तोंड पूर्ण उघडे हवे, आणि औषध दिल्यावरही एक-दोन मिनिटे ते तसेच ठेवावे लागते. एकाच टोचणीत दातांचा, जिभेचा, मायलोहायॉइडचा, आणि सुमारे चारांपैकी तीन रुग्णांत गालाचाही तंतू बंद होतो. सुई रक्तवाहिनीत जाण्याचे प्रमाणही येथे शेकडा २ च्या आसपास आहे. पारंपरिक पद्धतीत ते १० ते १५ असते. उलट परिणामास पाच ते दहा मिनिटे लागतात. या विलंबाला घाबरून दुसरी टोचणी देण्याची घाई होते, आणि मग पहिली फसली की उशिरा लागू पडली, हे कधीच कळत नाही.

या दोन्ही पद्धती एक गोष्ट गृहीत धरतात: रुग्णाला तोंड उघडता येते. परंतु अक्कलदाढेच्या सुजेचे एक ठळक लक्षणच असे, की जबड्याचे स्नायू आखडून दोन दातांमध्ये एक बोटही जात नाही. अशा रुग्णासाठी तिसरी पद्धत आहे. तिचे वर्णन वझिरानी यांनी १९६० मध्ये व नायजेरियातील अकिनोसी यांनी १९७७ मध्ये स्वतंत्रपणे केले. म्हणून ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. दात मिटलेले ठेवून, वरच्या दाढांच्या हिरडीच्या पातळीवर, दातांच्या रांगेला समांतर अशी सुई जबड्याच्या फांदी व वरचा जबडा यांच्या मधून सुमारे २५ मिलिमीटर आत नेतात. या पद्धतीत हाडाचा स्पर्श नाही. म्हणजे आपण कोठे पोचलो हे सांगणारी खूण नाही, आणि हा तिचा मोठाच दोष आहे. परंतु स्नायूंकडे जाणारे तंतूही या रोधात सापडत असल्याने आखडलेला जबडा सैल पडतो व पुढील कामास तोंड उघडते. अक्कलदाढेच्या बाबतीत तिला केवळ पर्याय म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. ठराविक रुग्णांत तीच एक वाट असते.

या तिन्ही पद्धतींची समोरासमोर तुलना गोल्डबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. दाताच्या गाभ्याच्या बधिरतेत तिन्हींमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. पारंपरिक पद्धत लवकर लागू पडली, एवढेच. हा निष्कर्ष वाचताना त्यातील माप ध्यानात घेतले पाहिजे. दाताच्या गाभ्याची परीक्षा विजेच्या सौम्य प्रवाहाने करतात. प्रवाह वाढवीत यंत्राच्या कमाल आकड्यापर्यंत, म्हणजे ८० पर्यंत, नेला तरी व्यक्ती काही जाणवल्याचे सांगत नाही, तेव्हा गाभा बधिर मानतात. यंत्र प्रवाह मोजते, बधिरता मोजत नाही. ‘जाणवले’ हे सांगण्याचे काम शेवटी त्या व्यक्तीचेच असते. शिवाय गाभा हा अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेचा एकच भाग होय. छेद हिरडीला द्यावयाचा असतो, आणि तिच्याविषयी विजेचे यंत्र काहीच बोलत नाही.

औषधाच्या निवडीचा प्रश्न यात गुंतलेला आहे. आर्टिकेन १९६९ मध्ये तयार झाले, १९७६ पासून जर्मनीत आणि २००० पासून अमेरिकेत वापरात आले. ते हाडातून अधिक सहज मुरते. खालच्या पहिल्या दाढेपाशी केलेल्या इन्फिल्ट्रेशनमध्ये ते लिग्नोकेनहून सरस ठरले आहे. पहिल्या दाढेचा हा निष्कर्ष तिसरीवर जसाच्या तसा लादणे मात्र योग्य नव्हे, कारण तेथे हाडाची कडा आड येते. तंतुरोधाला जोड म्हणून ते उपयुक्त आहे. रोधाची जागा त्याने घ्यावी असे नाही. हिशेबाचा एक मुद्दाही विसरता कामा नये. दोहोंची कमाल मात्रा दर किलो वजनामागे ७ मिलिग्रॅम इतकीच सांगितली जाते. परंतु १.८ मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये शेकडा २ लिग्नोकेन ३६ मिलिग्रॅम असते, तर शेकडा ४ आर्टिकेन ७२ मिलिग्रॅम. साठ किलो वजनाच्या मनुष्यास पहिल्याची ११ कार्ट्रिजे चालतील, दुसऱ्याची ५. शेकडा ४ तीव्रतेच्या औषधांनंतर जिभेची बधिरता दीर्घकाळ टिकण्याचा संभव अधिक, अशी शंका कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील नोंदींवरून हास व लेनन यांनी १९९५ मध्ये उपस्थित केली. नंतरच्या सर्वच अभ्यासांनी तिला दुजोरा दिला असे नाही, आणि वाद मिटलेला नाही. ज्यांचा व्यवसाय बोलण्याचा आहे अशा रुग्णांना तरी हा वाद सांगितला जावा.

सुजलेल्या अक्कलदाढेपाशी औषध फसते, याचे कारण रसायनशास्त्रात आहे. औषधाचे रेणू दोन रूपांत असतात: एक विद्युद्भाररहित, जे तंतूच्या आवरणातून आत शिरू शकते, आणि दुसरे भारित, जे आत गेल्यावर सोडियमच्या वाटा अडवून संदेश थांबविते. शरीराच्या नेहमीच्या ७.४ या पीएच मूल्यास लिग्नोकेनचा सुमारे एक चतुर्थांश भाग आत शिरण्याजोग्या रूपात असतो. सुजलेल्या ऊतींत आम्लता वाढते, पीएच ६.४ पर्यंत उतरला तर हा भाग शेकडा ३ वर येतो. म्हणजे औषध तेवढेच, पण दाराशी पोचूनही आत जाणारे फारच थोडे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की सुजेच्या जागी पुनःपुन्हा टोचण्यापेक्षा सुजेपासून दूर, वरच्या फाट्यावर अडविणे शहाणपणाचे होय. गाउ-गेट्स व वझिरानी-अकिनोसी पद्धतींच्या बाजूने याहून चांगले कारण देता येणार नाही.

आता पुन्हा मापाकडे वळावयाचे. रोध लागू पडला की नाही हे पाहण्यासाठी सर्वसाधारणपणे विचारला जाणारा प्रश्न ‘ओठ जड झाला का?’ हा आहे. ओठ जड झाला म्हणजे दातांचा तंतू अडला, एवढे बहुतांशी खरे. पण जिभेचा तंतू अडला काय, हे ओठ सांगत नाही. गालाचा तर मुळीच सांगत नाही. ओठ पूर्ण जड असताना बाहेरील हिरडीवर पाते ठेवताच रुग्ण दचकतो, तेव्हा रोध फसलेला नसतो. प्रश्न फसलेला असतो. ज्या चार वाटा अडवावयाच्या, त्या चारींची साक्ष निरनिराळी घेतली पाहिजे: ओठाची शब्दाने, जिभेच्या टोकाची शब्दाने, आणि दोन्ही हिरड्यांची अणकुचीदार हत्याराने टोचून, शक्यतो दुसऱ्या बाजूशी ताडून.

त्यातही ‘दुखते का?’ हा प्रश्न सर्वांत दुबळा आहे. औषधाने वेदनेचे बारीक तंतू प्रथम बंद पडतात. दाब व स्पर्श वाहणारे जाड तंतू मागाहून, आणि कित्येकदा पूर्णपणे नाहीच. म्हणून उत्तम रोधातही दाब, ओढ आणि हाडातून येणारा करकर आवाज कळतोच. मराठीत ‘दुखणे’ या एका क्रियापदाच्या पोटात हे सारे मावते. परंतु भाषा गरीब नाही. ठणका, कळ, सणक, चमक, आग, चुरचुर, शिवशिव, झिणझिण्या, मुंग्या, हुळहुळणे, टोचणे, दडपणे, ओढ लागणे असे कितीतरी शब्द मराठी माणूस रोज वापरतो. त्यांतील सणक व चमक ही तीक्ष्ण, क्षणिक, तंतूच्या वाटेने धावणारी वेदना; ठणका सुजेचा, नाडीच्या ठोक्यासरशी येणारा; मुंग्या व झिणझिण्या औषध चढताना किंवा उतरताना येणाऱ्या. सुई नेताना जिभेत सणक गेली असे रुग्ण म्हणाला, तर सुई जिभेच्या तंतूला लागली असण्याचा संभव आहे आणि ती मागे घ्यावयास हवी. ‘दुखले’ एवढेच म्हटले तर काहीच बोध होत नाही. रोनाल्ड मेल्झॅक यांनी वॉरन टॉर्गर्सन यांच्यासह १९७१ मध्ये वेदनेच्या इंग्रजी शब्दांचे वर्गीकरण केले, आणि त्यावरून १९७५ मध्ये ७८ शब्दांची व २० गटांची मॅकगिल प्रश्नावली तयार झाली. अशा प्रश्नावलीचे भाषांतर करताना शब्दाला शब्द ठेवून भागत नाही, कारण मराठीतील वेदनावाचक शब्दांत अनुकरणवाचकांचा आणि द्विरुक्तांचा वाटा फार मोठा आहे व त्यांच्या सीमा इंग्रजी विशेषणांच्या सीमांशी जुळत नाहीत. तुलनात्मक अभ्यासांत बहुधा शंभर मिलिमीटरच्या रेषेवर वेदनेची खूण करावयास सांगतात. ती रेषा सोयीची आहे; पण ‘असह्य वेदना’ हे तिचे एक टोक शब्दांनीच सांगावे लागते.

ध्वनिशास्त्राला हा विषय आणखी एका बाजूने जवळचा आहे. बोलताना जिभेच्या स्पर्शज्ञानाचा कितपत उपयोग होतो, हे तपासण्यासाठी संशोधकांनी दंतवैद्यांचीच सुई उसनी घेतली. रिंगेल व स्टीअर यांनी १९६३ मध्ये लेपाने केलेली बधिरता, तंतुरोध आणि गोंगाटाने झाकलेले श्रवण यांच्या परिणामांची तुलना केली. तंतुरोधाने उच्चार अधिक बिघडले, तरी बोलणे समजेनासे झाले नाही. स्कॉट व रिंगेल यांनी १९७१ मध्ये बारकाईने पाहिले असता घर्षक वर्णांसाठी लागणारी अरुंद फट नेमकी राखली जात नाही, असे आढळले. यावरून जीभ आपल्या हालचाली केवळ संवेदनेच्या आधारावर करीत नाही, पुष्कळशा आधीच आखून ठेवलेल्या असतात, असे अनुमान निघाले. पुढे ग्लोरिया बॉर्डन यांनी एक मार्मिक शंका काढली: रोधाने मायलोहायॉइडकडे जाणारे प्रेरक तंतूही अडत असतील, तर बिघाड संवेदनेच्या अभावाचा की स्नायूच्या दुर्बलतेचा? येथे दंतवैद्यकातील पद्धतींची तुलना हाच ध्वनिशास्त्राचा प्रश्न होऊन बसतो. गाउ-गेट्स रोधात ती शाखा नक्कीच सापडते. पारंपरिक रोधात ती कधी सापडते, कधी सुटते. प्रयोगात कोणता रोध दिला हे सांगितले नसेल, तर उच्चारातील बिघाडाचा अर्थ लावता येत नाही.

मराठीत असा प्रयोग व्हावयास हवा. जगणे या धातूच्या ‘जग’ या आज्ञार्थी रूपातील दंततालव्य ज आणि विश्व या अर्थाच्या ‘जग’मधील तालव्य ज यांत भेद आहे तो जिभेच्या टेकण्याच्या जागेचा, आणि तोही काही मिलिमीटरांचा. लिपी तो दाखवीत नाही, जीभ दाखविते. जिभेची एक बाजू बधिर असताना हा भेद टिकतो काय, हे पाहण्यास स्वतंत्र टोचणीची गरज नाही. अक्कलदाढ काढून घेतलेला, अजून बधिरता न उतरलेला रुग्ण दोन-तीन तास तरी या अवस्थेत असतोच; संमती घेऊन, जखमेवरील कापूस काढण्याची वेळ झाल्यावर, शब्दांची एक छोटी यादी त्याच्याकडून उच्चारून घेणे शक्य आहे.

शस्त्रक्रिया चालू असताना मात्र शब्दांचा मार्ग बंद असतो. तोंड उघडे धरलेले, जीभ बाजूला सारलेली, आणि तिची अर्धी बाजू बधिर. जेव्हा उत्तराची सर्वाधिक गरज असते तेव्हाच ते ‘आ’च्या पलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून संकेत आधी ठरले पाहिजेत, आणि ते सुई देण्यापूर्वी. ‘बधिर होईल, काही कळणार नाही’ या वाक्याऐवजी संमतिपत्रात आणि तोंडीही असे सांगता येईल: ‘टोचलेले कळणार नाही. दाबलेले, ओढलेले कळेल, आणि हाडाचा आवाज कानात मोठा येईल. टोचल्यासारखे वाटले तर डावा हात वर करा. नुसते दाबल्यासारखे वाटले तर हात खालीच ठेवा.’ डावा हात, कारण उजवखोर दंतवैद्य बहुधा रुग्णाच्या उजवीकडे उभा असतो आणि अचानक उचललेला उजवा हात त्याच्या पात्याला लागू शकतो.